डाव्या हाताची भुई

बुलढाणा जिल्ह्यात आठवडाभर राहून आले म्हटलं की साताऱ्यातल्या माझ्या मैत्रिणी एकच विचारतात, शेगावचं दर्शन झालं का? नाही झालं. मी गेले ती थेट एका खड्ड्यात उतरले आणि परत यायच्या दिवशीच वर आले. माझी मुलगी मेघा त्या खड्ड्याची प्रमुख आहे. त्याला खड्डा म्हटलं की तिचं डोकं फिरतं, तिच्या भाषेत ती ट्रेंच. पण तिच्या हाताखालच्या साऱ्या बायका खड्डाच म्हणतात आणि या बाबतीत मी बायकांच्या बाजूची आहे.

मी सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होते. पर्मनंट ऑर्डर हातात पडते तेव्हा माणूस कसा ताठ चालायला लागतो ते मी स्वतःच्या पायांनी अनुभवलंय. मेघा पुरातत्त्व शिकली आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या माळावर माती खरवडते. काम कराराचं. हंगाम संपला की करार संपला, पुढच्या वर्षी बोलावलं तर जायचं. तिच्या पहिल्या उत्खननाचा अहवाल अजून छापून आलेला नाही, आणि दुसऱ्याचा आला त्यात हिचं नाव शेवटच्या पानावर, आभारात, तेही चुकीचं.

साताऱ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची कायमची जागा निघाली तेव्हा मी अर्ज आणून प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला. फोनवर आमचं बरंच वाजलं. शेवटी ती म्हणाली, "आई, पुढच्या आठवड्यात आमचे मोठे सर पाहणीला येतायत. हे काम पुढं चालवायचं की बंद करायचं ते तेच ठरवणार. बंद झालं तर अर्ज भरते, शब्द देते. पण चालू राहिलं तर पुन्हा विषय काढायचा नाही." म्हटलं, बरं. आणि अर्ज पर्समध्ये टाकून, दोन निळी पेनं बरोबर घेऊन मी निघाले. मनातून मला काय हवं होतं ते वेगळं सांगायला नको.

सोमवार, खामगाव

जलंबहून खामगावला येणाऱ्या गाडीचा प्रवास इतकासा आहे की बसेपर्यंत उतरायची वेळ होते. स्टेशनबाहेर पडल्या पडल्या सरकीच्या तेलाचा वास आला. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळत होत्या, आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकले होते.

मेघा जीपपाशी उभी होती. आधी मी तिला ओळखलंच नाही. डोक्याला उपरणं, वर पुरुषी टोपी, चेहरा भाजलेला. मी जवळ जाऊन आधी तिचे ओठ बघितले, मग डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली.

"पाणी कमी पितेस तू."

"आई, सामान तरी खाली ठेव."

तिची खोली पिंपळगाव राजाच्या पुढं एका गावात आहे. घरमालकीणबाईंनी पहिल्याच जेवणाला मिरचीची भाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी वाढली. आमच्याकडे मिरची भाजीत घालतात. इथं मिरचीचीच भाजी करतात, तुरीच्या डाळीबरोबर घोटून, वाटी भरून. दुसऱ्या घासाला माझ्या कानातून धूर निघाला. घरमालकीणबाई आश्चर्यानं म्हणाल्या, "काऊन व माय, तिखट लागली? तुमच्यासाठी तं फिक्की केली होती." सातारकरणीची अब्रू राखायला मी आणखी एक वाटी घेतली आणि रात्रभर त्याची फळं भोगली.

मंगळवार, पांढरीवर

इथं शेतजमिनीला काळी म्हणतात आणि जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी. काळी खरोखरच काळी, पायाला चिकटणारी. तिच्या मधोमध हे राखाडी-पांढरं उंचवट्याचं रान. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिली, चुली पेटवल्या, घरं पडली, पुन्हा बांधली, त्या सगळ्याची ही माती.

पांढरीच्या मधोमध चौकोनी खड्डा, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. तळाशी घराची भुई लागली होती, म्हणजे मातीची जमीन, दोन हजार वर्षांपूर्वीची असावी असं मेघा म्हणाली. एका बाजूला उंबऱ्याचा दगड जागच्या जागी. मेघा गुडघ्यांवर बसून थापीनं हळूहळू माती सोलत होती आणि सोललेली प्रत्येक चिमूट घमेल्यात, घमेल्यातून चाळणीत. खापराचा तुकडा निघाला की पिशवी, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर थर, खोली, तारीख. मग तेच सगळं रोजवहीत. ती रोजवही बघून मला आपला वॉर्ड आठवला. केसपेपरवर आम्हीही असंच लिहायचो. जे दिसलं ते, आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणून. भुईच्या पानावर तिनं लिहिलं होतं, "पृष्ठभागावर ओरखडे. कारण अस्पष्ट."

"अस्पष्ट काय लिहितेस? विचारायचं कुणाला तरी."

"कुणाला? ही बाई मेली ना," मेघा म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली.

कामावर गावातल्या आठ बायका होत्या. त्यांची म्होरकी पंचफुलाबाई तायडे, माझ्याच वयाची, काटक, नाकात चमकी, बोलायला एकदम चोख. मला बघून तिनं हात जोडले, "जय भीम, माय. मॅडमची माय म्हंजे आमची बी माय." मग खड्ड्याकडे हात करून म्हणाली, "हे माती आमी लहानपणापासून वाहून राह्यलो. धाब्याच्या घरावर हेच टाकतेत, पानी झिरपत नाही. मॅडम आल्यावर समजलं का आमच्या डोक्यावर इतिहास हाये."

बुधवार, गुरुवार

दोन दिवस मी माझं काम केलं, म्हणजे इतरांच्या कामात नाक खुपसलं. मेघा आणि तिची जोडीदारीण श्रद्धा, दोघी सकाळी सातला उतरतात त्या दुपारी दोनपर्यंत एक बाटलीसुद्धा पाणी संपवत नाहीत हे मी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. कारण विचारलं तर एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी श्रद्धा म्हणाली, "मावशी, पाणी प्यायलं तर जायचं कुठं? चारी बाजूंनी तुरी काढलेलं रान. पुरुषांचं ठीक असतं."

मला भयंकर राग आला. एवढ्या शिकलेल्या मुली, कमरेला मोजपट्टी, हातात सरकारी परवाना, आणि लघवी तुंबवून धरतात! दरवर्षी, दर साइटवर असंच. श्रद्धाला दर हंगामात एकदा तरी ताप येतो, आणि तो उन्हाचा म्हणून सगळे सोडून देतात. मी मेघाला जाहीर झापलं. वर पंचफुलाबाईला हाक मारली.

"या बांधावर तुराट्या पडल्यात त्या कुणाच्या?"

"कोनाच्या काय, चुलीत जायच्या. काऊन?"

तुरीच्या वाळक्या काड्या त्या. बायकांनी आणि मी मिळून त्या सुतळीनं गुंफल्या, चार मेढी रोवल्या, दोन तासांत खोलीएवढा आडोसा उभा केला. आत खणायचा चर मेघानं स्वतः आखून दिला, ओळंबा लावून. सवयच तशी. पंचफुलाबाई हसून लोटपोट. "येवढा सरळ तं आमचा देवघराचा कोनाडा बी नाही!" त्या दिवशी बायकाही पोटभर पाणी प्यायल्या. इतके दिवस त्याही तेच सोसत होत्या आणि बोलत नव्हत्या.

तेव्हापासून पांढरीवर माझा शब्द चालायला लागला. डबे उघडले की आधी माझ्या पानात सोल्याची भाजी पडायची, ओल्या तुरीच्या दाण्यांची. मला फार बरं वाटायचं. आणि तिथंच घात झाला.

शुक्रवार

मोठे सर त्या दिवशी येणार होते. श्रद्धाला ताप आला होताच, ती खोलीवर झोपलेली. मेघा सरांना आणायला खामगावला गेली. साडेअकराला तिचा फोन आला, आवाज तुटत होता.

"आई, गाडी लेट आहे. बायकांना सांग, भुई स्वच्छ करून पाणी मारून ठेवा. सर येतील तेव्हा ओलसर पाहिजे."

भुई स्वच्छ करून पाणी मारून ठेवा. पाहुणा येणार, भुई मातीची. माझ्या माहेरी, कोरेगावजवळच्या खेड्यात, आमच्या घराची जमीन मातीचीच होती. तिथं या वाक्याचा अर्थ एकच होतो. मी पंचफुलाबाईला म्हटलं, शेण आण.

ती थबकली. "शेण? मॅडम तं नुसतं फवारनीच्या पंपानं पानी मारते. रंग दिसाले."

"अगं, मोठे सर यायचेत. भेगाळलेली जमीन दाखवायची का? एवढा कोपरा तरी सारवू."

"मॅडमले इचारू काय एकदा?"

"मी तिची आई सांगतेय ना!"

तिनं एका बाईला गावात पिटाळलं. शेण आलं. पंचफुलाबाईनं पंपानं भुईभर पाणी मारलं, ही भुई पहिल्यांदाच अशी अख्खी भिजत होती. मी पदर खोचला, कोपऱ्यात उकिडवी बसले आणि तीस वर्षांनी सारवायला हात घातला. सर्रकन दोन कमानी निघाल्या. हात विसरला नव्हता, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तिसरीला हात उचलला तर पंचफुलाबाईनं माझं मनगट पकडलं.

"थांब, माय. हे पाह्य."

पाणी मुरत होतं तशी जुन्या भुईवर काहीतरी उमटत होतं. मेघाचे ओरखडे. ओले झाल्यावर ते ओरखडे राहिलेच नाहीत. चार बोटांचे फराटे, कमानीवर कमान, एकीच्या शेवटावर दुसरीची सुरुवात. माझ्या दोन ताज्या कमानींच्या शेजारी त्या दोन हजार वर्षांच्या. कुणीतरी बाईनं ही भुई सारवली होती आणि तिची बोटं तिथं होती.

आम्ही दोघी वाकून एकेक कमान बघत गेलो. आणि मग मागून जीपचा आवाज आला.

मेघा कडेवर आली, खाली बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. "आई, हे काय लावलंयस?"

"शेण," मी म्हटलं.

ती शिडीवरून उतरून माझ्याजवळ आली. आवाज इतका खाली की फक्त मला ऐकू यावा. "या भुईचा नमुना सोमवारी प्रयोगशाळेत जायचा होता. जुन्या सारवणात काय होतं ते शोधायला. त्याच्यावर तू ताजं शेण लावलंस." मग माझ्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, "मुद्दाम केलंस का? काम बंद पडावं म्हणून?"

नातेवाइकांनी ड्रेसिंगला हात लावला तर वॉर्ड दणाणून सोडणारी मी. आणि इथं माझेच हात शेणानं बरबटलेले. तिला तसं वाटलं यात तिची काय चूक? अर्ज पर्समध्ये होताच. मी मान हलवून नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वाटलं की हे काम बंद पडू नये, निदान माझ्या हातानं तरी पडू नये.

आता खरं सांगायचं तर झाकणं अवघड नव्हतं. सर अजून वर कडेला बूट झटकत होते. त्या कोपऱ्यावर ताडपत्री टाकता आली असती, पावसाळ्यातला चिखल म्हणता आलं असतं, थापीनं पातळसा थर सोलून टाकता आला असता. पाहणी अर्ध्या तासाची. वर्षाचं काम त्यावर अवलंबून, आणि मेघाचं सगळंच. मी तिच्याकडे बघत राहिले.

मेघानं रोजवही उघडली. उभ्यानंच लिहिलं. मग वर बघून मोठ्यानं म्हणाली, "सर, खाली येण्याआधी सांगते, आमच्याकडून एक चूक झालीय. ईशान्येच्या कोपऱ्यात."

आमच्याकडून म्हणाली. आईकडून नाही. बत्तीस वर्षांत मी किती डॉक्टर बघितले, चूक झाली की आधी कोण ड्यूटीवर होतं ते विचारणारे. माझी पोर त्यांच्यापेक्षा वर निघाली. शेणाचे हात तसेच धरून मी त्या खड्ड्यात उभी होते आणि माझी छाती अभिमानानं भरून आली होती.

मोठे सर शिडीवरून सावकाश उतरले. सत्तरीचे, हडकुळे, बोलणं कमी. कोपरा बघितला, माझ्या हातांकडे बघितलं. तेवढ्यात पंचफुलाबाई पुढं झाली.

"सर, एक सांगू काय? हे जुनी बाई डावखोरी होती."

सर वळले. "कशावरून?"

"हात उचलते तठी माती जमते, तठी कड राह्यते. ह्या मायची कड पाहा, उजवीकडं. माही बी उजवीकडंच राह्यते. हिची साऱ्या कमानींची कड डावीकडं हाये."

"पण ती कुठं तोंड करून बसली होती ते कसं कळणार? पलीकडून बसली असेल तर उलटं दिसेल," सर म्हणाले. वकिलासारखे विचारत होते, पण डोळे चमकत होते.

पंचफुलाबाईला हा प्रश्नच बावळट वाटला असावा. "उंबरा इकडं हाये नं, सर. सारवता सारवता बाई दाराकडंच मांगं सरकते. नाही तं ओल्यात कोंडून राहीन थे!"

सर त्या भुईच्या कडेला पोटावर आडवे झाले. पांढऱ्या शर्टासकट. एकेका फराट्याची कड बघत पार उंबऱ्यापर्यंत सरकले. मेघाही त्यांच्या शेजारी आडवी. मग सर तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "मेघा, चाळीस वर्षं मी भुया खणतोय. आजवर सारवणारीला कधी विचारलं नाही."

उठून त्यांनी पंचफुलाबाईला पुन्हा एकदा हवेत सारवून दाखवायला लावलं, आधी उजव्या हातानं, मग डाव्या. मग निर्णय सांगितला. ही भुई अर्धवट सोडायची नाही. उन्हाळ्यात ती उघडी टिकणार नाही म्हणून आता झाकायची आणि पुढच्या हंगामात अख्खं घर उघडायचं. मेघाच प्रमुख. नमुना शेण न लागलेल्या भागातून घ्यायचा, आणि तो कोपरा मात्र पुसायचा नाही, आहे तसा राहू द्यायचा.

"पुसलं की पुसल्याची खूण राहते," ते मला म्हणाले. "त्यापेक्षा तुमचं सारवण बरं. निदान ते काय आहे ते कळतं." हे कौतुक होतं की टोमणा, अजून मला ठरवता आलेलं नाही.

ते गेल्यावर मेघानं रोजवही माझ्यापुढं धरली. वरची ओळ दुपारचीच होती: "ईशान्य कोपरा, दोन कमानी: आजचे सारवण, शेण. नमुना घेऊ नये. चूक सुमन निकम, माझी आई. जबाबदारी माझी." त्याखाली नवी ओळ. जुनी खोडायची नसते, खाली भर घालायची असते, आमच्या केसपेपरसारखंच. "ओरखडे नव्हेत. सारवणाचे फराटे, हात डावा. ओळखले: पंचफुला तायडे."

पंचफुलाबाईनं बोट ठेवून ती ओळ वाचली. सातवी शिकलेली आहे ती. दोनदा वाचली.

"मजूर नाही लिवलं काय नावाम्होरं?"

"मजूर म्हणून ओळखलं नाही ना तुम्ही," मेघा म्हणाली. "अहवालात पण हीच ओळ जाईल. आभारात नाही, आत."

"मंग मले एक फोटो काढून दे त्या पानाचा. पोरीले धाडतो नागपूरले."

मीही काढून घेतला. इतिहासात माझं नाव गेलं ते चूक म्हणून, पण गेलं.

रविवार, खड्डा बुजवताना

मी दोन दिवस मुक्काम वाढवला. भुईवर आधी कापड अंथरलं, मग जाड प्लास्टिक. त्यावर चाळलेली माती घालायची होती. बायका घमेली घेऊन रांगेत उभ्या. मेघानं खिसे चाचपले.

"आई, एखादं नाणं आहे का ग?"

"कशाला?"

"झाकताना आजच्या काळातलं काहीतरी खाली ठेवायचं असतं. उद्या आम्ही नसलो आणि दुसऱ्या कुणी उघडलं, तर त्यांना कळावं की इथवर आधी खणलेलं आहे. वर्ष दिसेल असं काहीही चालतं, न कुजणारं."

मी पर्स उघडली. नाणी होती. नाण्यांच्या मागं ते प्लास्टिकचं पाकीट होतं. मी ते काढून तिच्या हातात दिलं. "यावर वर्ष छापलंय. आणि पाकीट चांगलं जाड आहे."

तिनं उलटून बघितलं. कॉलेजचं नाव वाचलं. मग खालची तारीख वाचली.

"आई, याची शेवटची तारीख अजून गेलेली नाही."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "ठेव."

तिनं ते कोपऱ्यात, माझ्या दोन कमानींच्या वर, नीट सरळ ठेवलं. रोजवहीत नोंद केली. आणि पंचफुलाबाईनं पहिलं घमेलं ओतलं.